जहाज स्वतःच आपलं नाव सांगतं. गच्चीवरून ते ऐकायचं कसं?

कोकणात ज्या घरातलं कुणी बोटीवर आहे, त्या घरात हल्ली मोबाइलवर एक नकाशा उघडलेला असतो. निळ्या पाण्यावर बाणाच्या टोकासारखी रंगीत चिन्हं. जहाजाचं नाव टाकलं की त्यातलं एक उजळतं, आणि मग दिवसभर घरातलं कुणी ना कुणी विचारत राहतं, "कुठवर पोचला?"

माझ्या मावशीकडे हेच चालायचं. मावसभाऊ टँकरवर आहे. एकदा कांडल्याहून त्याचं जहाज निघालं, संध्याकाळपर्यंत ठिपका सरकत होता आणि मग थबकला. सकाळी पाहिलं तरी तिथेच. "शेवटची नोंद १४ तासांपूर्वी" एवढंच खाली लिहिलेलं. मावशी रात्रभर जागी होती. जहाज आपल्या वाटेनं नीट चाललं होतं. ते बोलतही होतं, फक्त त्याचं बोलणं ऐकणारं जवळ कुणी नव्हतं.

एखादं जहाज बातम्यांत आलं की हा नकाशा सगळेच उघडतात. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' आडवं झालं तेव्हा त्यावरचे २५ खलाशी भारतीय होते. २०२४ मध्ये बाल्टिमोरचा पूल पाडणाऱ्या 'डाली'वरही बहुतेक आपलेच लोक होते. दोन्ही वेळी जगानं त्या ठिपक्यांचा माग मागे जाऊन पाहिला. पण तो ठिपका नकाशावर येतो कसा, आणि पेनड्राइव्हएवढ्या यूएसबी यंत्रानं तो आपल्याच गच्चीवरून कसा पकडता येतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

ठिपक्यामागे काय आहे?

पुष्कळांना वाटतं की हे रडारचं काम असावं. रडार म्हणजे डोंगराला हाक घालून प्रतिध्वनी ऐकणं. समोर काहीतरी आहे, किती लांब आहे, एवढं त्यातून कळतं. कोण आहे ते कळत नाही.

ठिपक्यामागची व्यवस्था वेगळी आहे. अंधारात पाणंदीतून जाताना समोर चाहूल लागली की आपण आधीच आवाज देतो, "मी वरच्या वाडीतला, बाजारात चाललोय." समोरचा बाजूला होतो. जहाजंही तसंच करतात, कुणी न विचारता आणि सतत. या व्यवस्थेचं नाव स्वयंचलित ओळख प्रणाली. बंदरावर आणि बोटीवर सगळे तिला 'एआयएस' म्हणतात.

मूळ हेतू टक्कर टाळण्याचा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा करारानुसार परदेशी फेऱ्या करणारं ३०० टनांवरचं प्रत्येक जहाज, देशातल्या देशात चालणारं ५०० टनांवरचं मालवाहू जहाज आणि प्रवासी जहाजं, सगळ्यांना ही यंत्रणा बसवणं भाग पडलं, परदेशी फेऱ्यांवरच्या जहाजांना २००४ च्या अखेरीपर्यंत आणि बाकीच्यांना २००८ पर्यंत. इथे टन म्हणजे वजन नव्हे, तर जहाजाच्या आतल्या जागेचं माप.

जहाज सांगतं ते साधारण दोन प्रकारचं असतं. सतत बदलणाऱ्या गोष्टी एका संदेशात येतात: अक्षांश-रेखांश, वेग, दिशा, आणि जहाज इंजिनावर चाललंय की नांगर टाकून उभं आहे. नाव, प्रकार, लांबी-रुंदी, पाण्यात किती खोल बुडालंय आणि कुठे निघालंय हे दुसऱ्या संदेशात, दर ६ मिनिटांनी. पहिला संदेश मात्र धावत्या जहाजातून दर काही सेकंदांनी सुटतो. १४ नॉटपर्यंत वेग असेल तर दर १० सेकंदांनी, २३ नॉटच्या वर गेला तर दर २ सेकंदांनी, नांगरावर असेल तर दर ३ मिनिटांनी. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

प्रत्येक जहाजाला ९ आकडी क्रमांक असतो. पहिले तीन आकडे देशाचे, भारताचे ४१९. गाडीच्या पाटीवर एमएच ०८ दिसलं की रत्नागिरी, तसंच हे.

एवढी जहाजं एकदम बोलली तर?

या सगळ्यासाठी जगभरात फक्त दोन वाहिन्या राखून ठेवल्या आहेत, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. आपलं एफएम रेडिओ १०८ ला संपतं, त्याच्या थोडं वर. मुंबई बंदराबाहेर नांगरावर आणि येताजाता कितीतरी जहाजं असतात. सगळी एकाच वाहिनीवर बोलू लागली तर कुणाचंच काही कळायला नको.

यावरचा तोडगा मला फार आवडतो. वाहिनीवरच्या प्रत्येक मिनिटाचे २,२५० तुकडे केलेले आहेत. एक तुकडा सुमारे २७ मिलिसेकंदांचा. कुणी कधी बोलायचं हे ठरवणारा मुकादम कुठेच नाही. जहाजं एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशी जागा धरतात. आता बोलत असताना जहाज हेही सांगून टाकतं की पुढच्या फेरीत हाच तुकडा, किंवा अमका तुकडा, माझा. बाकीची ऐकतात आणि ती जागा सोडून दुसरी रिकामी बघतात. सगळ्यांची घड्याळं जीपीएसवर लावलेली असल्यानं तुकडा कुठे सुरू होतो यावर मतभेद होत नाहीत.

एका तुकड्यात मावतं ते जेमतेम २१ बाइट. मोठ्या जहाजाचा आवाज १२.५ वॉटचा, म्हणजे देवघरातल्या झिरोच्या बल्बला लागते त्याहूनही थोडी कमी वीज. लहान नौकांची पुष्कळ यंत्रं तर २ वॉटवर चालतात.

टीव्हीसाठी केलेलं यंत्र जहाज कसं ऐकतं?

बाजारात दोन-चार हजार रुपयांत मिळणारं 'आरटीएल-एसडीआर' डोंगल, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं यूएसबी यंत्र, मुळात जहाजांसाठी नाहीच. लॅपटॉपवर हवेतून येणारा डिजिटल टीव्ही पाहता यावा म्हणून ते युरोपसारख्या बाजारांसाठी बनलं. त्यातली रियलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप टीव्हीबरोबर एफएम रेडिओही ऐकवायची. २०१२ च्या सुमारास काही जिज्ञासू प्रोग्रामरांच्या लक्षात आलं की एफएमसाठी ही चिप लहरींवर काहीच संस्कार करत नाही. आलेली लहर आकड्यांत मोजते आणि जशीच्या तशी संगणकाकडे ढकलते. मग ते आकडे एफएमचेच कशाला हवेत? साधारण २४ ते १,७०० मेगाहर्ट्झमधलं काहीही चालेल.

नेहमीचा रेडिओ म्हणजे तयार पोळी. हे डोंगल फक्त गहू आणून देतं. दळायचं, मळायचं, भाजायचं काम संगणकाचं. म्हणूनच त्याच गव्हातून विमानांचे संदेश निघतात, हवामान उपग्रहांची चित्रं निघतात आणि जहाजांची नावंही निघतात. फरक फक्त सॉफ्टवेअरचा.

सोय अशी की एआयएसच्या दोन्ही वाहिन्यांत अंतर केवळ ५० किलोहर्ट्झ आहे. डोंगल एका वेळी २ मेगाहर्ट्झहून अधिक रुंद पट्टा उचलतं, त्यामुळे दोन्ही वाहिन्या एकदमच सापडतात. 'एआयएस-कॅचर' हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतं, आणि ब्राउझरमध्ये नकाशा दाखवतं. सागरी नकाशावर पाहायची हौस असेल तर 'ओपनसीपीएन' आहे, तेही मोफत.

एक अडचण मात्र नवशिक्याला हमखास छळते. स्वस्त डोंगलमधला, घड्याळाचं काम करणारा स्फटिक वेळ थोडी चुकीची दाखवतो, दहा लाखांत ५० वगैरे. ऐकायला नगण्य वाटतं, पण १६२ मेगाहर्ट्झवर ती चूक ८ किलोहर्ट्झची होते आणि वाहिनी आहे २५ किलोहर्ट्झ रुंद. म्हणजे दाराच्या मधून जायच्या ऐवजी आपण चौकटीला घासत जातो. सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती टाकता येते. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, तापमानानं न ढळणारा स्फटिक असलेलं डोंगल घ्यावं असं माझं मत.

सगळी मेहनत तारेत आणि उंचीत

मी पहिल्यांदा डोंगलबरोबर आलेली छोटी अँटेना खिडकीत ठेवली. रात्रभरात तीन संदेश. डोंगल खराब निघालं असं समजून परत करणार होतो, पण दोष जागेचा होता. चिऱ्याच्या जाड भिंती, वर स्लॅब, आणि खिडकी समुद्राच्या उलट बाजूला.

या लहरीची लांबी १.८५ मीटर असते. तिचा पाव भाग म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर. एवढ्या लांबीच्या दोन ताठ तारा, एक वर आणि एक खाली, मध्ये केबल जोडलेली: झाली अँटेना. ती उभीच हवी, कारण जहाजांच्या अँटेना उभ्या असतात. आडवी ठेवली तर बराच आवाज वाया जातो. डिश टीव्हीला लागणारी जाड काळी केबल ऐकण्यापुरती उत्तम चालते. केबल मात्र शक्य तेवढी आखूड ठेवावी. लांब केबलमध्ये आवाज जिरतो, म्हणून डोंगल आणि छोटा संगणक अँटेनाजवळच ठेवून घरात वायफायनं माहिती आणणं चांगलं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सांध्याकडे लक्ष द्यावं. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, खाऱ्या वाऱ्यानं आतलं तांबं हिरवं पडलं आणि जहाजं एकेक करून कमी होत गेली. आधी वाटलं, पावसाळ्यात वाहतूकच कमी असेल. आता सांध्यावर रबरासारखा चिकटपट्टीचा थर गुंडाळतो, आणि केबलला घरात शिरण्याआधी खाली एक झोळ देतो म्हणजे पाणी तिथून टपकून जातं. विजा कडाडायला लागल्या की केबल सरळ काढून ठेवतो.

आणि उंची. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई आड येते. हिशेब सोपा आहे: आपल्या अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ, अधिक जहाजाच्या अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ, गुणिले ४.१२. उत्तर किलोमीटरमध्ये. आपली अँटेना २५ मीटरवर आणि जहाजाची ३६ मीटरवर असेल तर ५ अधिक ६ म्हणजे ११, गुणिले ४.१२, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर. तीच अँटेना ८१ मीटर उंचीच्या सड्यावर नेली की ६२ किलोमीटर. दुप्पट महागाचं डोंगल घेऊन एवढा फरक पडत नाही.

कधीकधी हा हिशेब सपशेल मोडतो. पावसाळ्याआधीच्या दिवसांत समुद्राला लागून दमट हवा आणि तिच्यावर जमिनीवरून आलेली कोरडी गरम हवा असे थर बसतात. लहर त्या थरांमध्ये पन्हळीत पाणी वाहावं तशी अडकून वाहत जाते आणि शेकडो किलोमीटरवरची जहाजं नकाशावर उगवतात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात चक्क अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत असत. एप्रिल-मे महिन्यात एखाद्या पहाटे दूरचे ठिपके दिसले तर यंत्र बिघडलं असं समजू नका.

मग मावशीचा ठिपका का थबकला?

कारण मोबाइलवरच्या नकाशामागे किनाऱ्यावरची हजारो छोटी ग्रहणकेंद्रं आहेत, आणि त्यातली पुष्कळशी आपल्यासारख्या हौशी लोकांच्या गच्च्यांवर, कॉलेजांवर, क्लबांवर आहेत. असा नकाशा दाखवणाऱ्या 'मरीनट्रॅफिक' या वेबसाइटची सुरुवातही २००७ मध्ये ग्रीसमधल्या एका विद्यापीठातल्या प्रकल्पातून झाली. किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर पुढे गेलं की जहाज या सगळ्यांच्या टप्प्याबाहेर जातं.

तिथून पुढे ऐकतात उपग्रह. इस्रोच्या २०११ मधल्या रिसोर्ससॅट-२ वरही असं एक यंत्र पाठवलं होतं. पण उपग्रहाची वेगळीच पंचाईत आहे. जत्रेत प्रत्येक मंडळ आपापल्या मांडवात नीट क्रमानं बोलतंय, पण डोंगरावर उभ्या माणसाला दहा मांडवांचे भोंगे एकदम ऐकू येतात, तसं होतं. रुमालाची शिस्त एकमेकांना ऐकू येणाऱ्या जहाजांपुरतीच असते. उपग्रहाला हजारो किलोमीटरचा पट्टा एकाच वेळी दिसतो आणि तुकडे एकमेकांवर आदळतात. त्यातून निवडून काढलेली माहिती कंपन्या पैसे घेऊन विकतात. मोफत नकाशावर ठिपका थांबतो तो म्हणूनच. बोटीवर माणूस असलेल्या प्रत्येक घरात ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

ऐकू आलं ते खरंच असतं का?

नेहमी नाही. जहाज स्वतःबद्दल जे सांगतं तेच आपण ऐकतो. ते तपासणारी कुठलीही सही किंवा शिक्का त्या संदेशात नसतो.

मुक्कामाचं बंदर तर जहाजावरचा अधिकारी हातानं टाइप करतो, त्यामुळे मागच्या फेरीचं बंदर तसंच राहून जातं. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कित्येकांनी मुक्कामाच्या रकान्यात 'सर्व खलाशी चिनी' किंवा 'इस्रायलशी संबंध नाही' असं लिहिलं. आपल्यावर क्षेपणास्त्र रोखणाराही हे ऐकतोय, हे ठाऊक असल्यानं केलेली ती विनवणी होती.

जून २०२१ मध्ये ब्रिटनची 'डिफेंडर' आणि नेदरलँड्सची 'एव्हर्टसेन' या युद्धनौका रशियाच्या ताब्यातल्या सेवास्तोपोलजवळ गेल्याचं एआयएसवर दिसलं. प्रत्यक्षात त्या युक्रेनमधल्या ओडेसाच्या धक्क्याला बांधलेल्या असल्याचं तिथल्या कॅमेऱ्यांत दिसत होतं. जून २०२५ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीत जीपीएस बिघडवलं गेलं आणि शेकडो जहाजं नकाशावर भलत्याच ठिकाणी, काही तर जमिनीवर उभी दिसली. जहाजालाच आपण कुठे आहोत ते चुकीचं कळत असेल, तर ते प्रामाणिकपणे चुकीचंच सांगणार.

आणि काही जहाजं बोलतच नाहीत. निर्बंध चुकवून तेल नेणारे टँकर यंत्र बंद करतात. २०११ च्या जुलैअखेरीस 'पवित' नावाचा टँकर जुहूच्या वाळूत येऊन रुतला. खलाश्यांनी तो कित्येक दिवस आधी ओमानजवळ सोडून दिला होता, आणि तसाच वाहत तो मुंबईपर्यंत आला. ज्या जहाजावर माणूस नाही, ते कुणाला काय सांगणार? तिथे रडार आणि गस्तच हवी.

होडीवर आता बसवतात ते यंत्र हेच का?

नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये ज्याची सुरुवात झाली, ती एक लाख मासेमारी नौकांवर यंत्रं बसवायची योजना इस्रोच्या उपग्रहांवरून चालते. ते संदेश आपल्या डोंगलवर येत नाहीत. म्हणून नकाशावर समुद्र मोकळा दिसला तरी तिथे शंभर होड्या असू शकतात.

यानं देशाच्या सुरक्षेला धोका नाही का?

शंका रास्त आहे. मासेमारी नौका बळकावून आलेल्या अतिरेक्यांनी २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत काय केलं ते आपण पाहिलंय. त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्या किनाऱ्यावरच्या ७४ दीपगृहांवर एआयएस ऐकणारी सरकारी केंद्रं उभी राहिली. म्हणजे सुरक्षेसाठी ऐकणारे कान वाढवावे लागले. युद्धनौकांना ही यंत्रणा सक्तीची नाही, आणि जे लपवायचं ते नौदल मुळात बोलतच नाही.

पण ऐकणं वेगळं आणि इंटरनेटवर जगाला दाखवणं वेगळं. २००४ मध्येच सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीनं सांगितलं होतं की जहाजांची ही माहिती जाहीर करणं त्यांच्या सुरक्षेला घातक ठरू शकतं. जहाजं एकमेकांना सावध करायला बोलतात. चाच्यांना आयती यादी मिळावी म्हणून नव्हे. मला हा आक्षेप पटतो, आणि म्हणून माझ्या गच्चीवरचं केंद्र फक्त माझ्या घरात दिसतं.

कायद्याचं नीट समजून घ्या. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगायलाच मनाई करत होता, आणि त्याची व्याख्या नुसत्या ऐकणाऱ्या यंत्रालाही कवेत घेण्याइतकी रुंद होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगीची अट आहे. डोंगल ऑनलाइन सहज मिळतं म्हणून कायदा संपत नाही. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओ चालवण्याच्या परवान्याची, परीक्षा द्या, जवळच्या हॅम क्लबमध्ये जाऊन काय चालतं ते विचारा, आणि मग सुरुवात करा. या वाहिन्यांवर काही प्रक्षेपित करणं तर कधीच नको. एक खोटा संदेश खऱ्या जहाजाच्या पडद्यावर खऱ्या जहाजासारखाच दिसतो. नौदलाच्या तळाजवळ राहत असाल तर गच्चीवर तारा उभारण्याआधी दोनदा विचार करा.

एक क्रमांक मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावा. ९७० नं सुरू होणारा संदेश दिसला तर तो जहाजाचा नसतो; जहाज सोडताना बरोबर घेतलेल्या संकट-दर्शक यंत्राचा असतो. ९७२ म्हणजे माणूस पाण्यात पडलाय. पुष्कळदा ती चाचणी असते आणि सोबत तसं लिहूनही येतं. तसं लिहिलेलं नसेल तर वेळ आणि जागा टिपून तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करायचा.

गेल्या हिवाळ्यात मावसभावाचं जहाज मुंबईहून मंगळूरला निघालं होतं. रत्नागिरीपासून चाळीसेक किलोमीटर आतून जाणार होतं, म्हणून मावशी आमच्याकडे राहायला आली. पहाटे तीनच्या सुमारास उत्तरेकडून पहिला संदेश आला. वेग १२.४ नॉट, इंजिनावर. मग दर १० सेकंदांनी. जवळजवळ चार तास ते आमच्या टप्प्यात होतं. मावशी शाल गुंडाळून लॅपटॉपसमोर बसून होती. उजाडताना ठिपका दक्षिणेला टप्प्याबाहेर गेला आणि थांबला, तेव्हा ती उठली आणि चहाचं आधण ठेवलं.